अजून दुसरीतच

आई दर रविवारी माझ्या सकाळी, म्हणजे तिच्या संध्याकाळी, व्हिडिओ कॉल करते. तब्येत, जेवण, थंडी एवढं झालं की तिचा ठरलेला प्रश्न येतो, "मग, कितवीत आहेस आता?"

मी छत्तीस वर्षांची आहे. प्रश्न नाचाच्या क्लासबद्दल असतो. डोंबिवलीत तिने मला नऊ वर्षं कथकला नेलं-आणलं, प्रत्येक परीक्षेचा फॉर्म स्वतःच्या अक्षरात भरला. तिच्या लेखी नाच म्हणजे प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद असा जिना. मी मध्यमा पूर्ण करून मधल्याच पायरीवर बसकण मारली, याची तिला अजून रुखरुख आहे. त्यामुळे मी इथे लिंडी हॉप नावाचा काहीतरी, स्विंग संगीतावर जोडीने करायचा नाच शिकतेय हे कळल्यावर तिने पहिली चौकशी केली ती परीक्षा किती असतात याची.

परीक्षा नसतात, लेव्हल असतात. आणि आपली लेव्हल कोणती हे आपलं आपणच ठरवायचं असतं. माझा घोळ झाला तो इथेच.

सुरुवात साधी होती. अमेरिकेत जर्सी सिटीत राहायला येऊन दोन वर्षं झाली होती. जुलैतल्या एका संध्याकाळी ऑफिसमधल्या मैत्रिणीने मला ओढून मॅनहॅटनला लिंकन सेंटरच्या पटांगणात नेलं. मोकळ्या आकाशाखाली पंधरा-सोळा जणांचा बँड वाजत होता आणि समोर ही गर्दी नाचत होती. सत्तरीचे आजोबा वेस्टकोट घालून, विशीतल्या पोरी स्नीकर घालून, आणि कोणीही कोणाबरोबर. गाणं संपलं की जोडीदार बदलला. बँड सुरू व्हायच्या आधी नवख्यांसाठी छोटा धडा असतो, तो आम्ही घेतला. रॉक स्टेप, ट्रिपल स्टेप, ट्रिपल स्टेप. पुढच्या सोमवारी मी क्लासचे पैसे भरून मोकळी.

आमच्या क्लासची पद्धत अशी: आठवड्याला एक तास, चार आठवड्यांत एक लेव्हल. वर्तुळात उभं राहायचं, दर दोन-तीन मिनिटांनी एका बाजूची माणसं एक जागा पुढे सरकतात. तासाभरात सगळ्यांची सगळ्यांशी गाठ पडते. पहिली लेव्हल मी हसत खेळत पार केली. ट्रिपल स्टेप म्हणजे दोन ठोक्यांत तीन पावलं, तीही सारखी नाहीत, पहिलं जरा लांबवायचं आणि दुसरं उशिरा, झटकन टाकायचं. बाकीचे घाम पुसत होते आणि मी मनातल्या मनात बोल म्हणत पावलं टाकत होते. आठ-आठ ठोक्यांचे दोन तुकडे म्हणजे सोळा मात्रा, म्हणजे तीनतालच की! शिक्षिका म्हणाल्या, तुझी लय पक्की आहे. ते वाक्य मी घरापर्यंत पाथ ट्रेनमध्ये चघळत आले.

एकच गोष्ट तेव्हा खटकायला हवी होती. गाणं लावून त्यांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला सांगितल्या, तर माझी टाळी एकटीची वेगळी. आम्ही समेवर टाळी देणारी माणसं. पहिली मात्रा आली की हात आपोआप एकमेकांवर आपटतात. या संगीतात एक आणि तीन सोडून द्यायचे, टाळी दोन आणि चारवर. सगळे हसले, मीही हसले, दोन-तीन प्रयत्नांत हात जुळवून घेतले. पायांचं काय, हा विचार डोक्यात आला नाही.

दुसऱ्या लेव्हलला स्विंग आउट आला. लिंडी हॉपचा सगळा प्रपंच या एका चालीवर उभा आहे. आठ ठोक्यांची चाल. दोघं एक हात धरून लांब उभे, मधे रबर ताणल्यासारखा ताण. एक-दोनला फॉलो, म्हणजे मी, लीडकडे, म्हणजे चाल सुचवणाऱ्या जोडीदाराकडे, चालत जायचं. तीन-चारच्या ट्रिपल स्टेपला त्याचा हात पाठीवर येतो, दोघं मिळून एक गिरकी घेतात, पाच-सहाला तो मला परत सोडतो आणि सात-आठला मी जिथून आत आले तिथेच बाहेर, पुन्हा तोच ताण. लिहायला चार ओळी लागल्या. जमायला किती लागतात ते सांगतेच.

त्या चारपैकी दोन तासांना मी गेलेच नाही. ऑफिसात रिलीज होती. मग रात्री व्हिडिओ बघत स्वयंपाकघरात फ्रिजचं हँडल धरून स्विंग आउट घोटला. फ्रिजबरोबर फार छान जमायचा. तो जागचा हलत नाही, चुकत नाही, आणि मी कधीही निघाले तरी त्याची तक्रार नसते.

महिना संपला, पुढचा फॉर्म आला. तिसऱ्या लेव्हलपुढे लिहिलं होतं: ज्यांना स्विंग आउट आरामात जमतो त्यांच्यासाठी. या 'आरामात'वर मी किती वेळ घालवला असेन! मला चाल पाठ होती. आकडे पाठ होते. कुठला पाय कधी, हे मी झोपेत सांगितलं असतं. आपल्याकडे पाठ असणं म्हणजेच येणं. शिवाय बरोबरची मंडळी पुढे चालली होती, आणि दुसरी लेव्हल परत घ्यायची म्हणजे त्याच यत्तेत पुन्हा बसायचं. आमच्या चाळीत एक मुलगा नववीत राहिला होता, मग मुंजीपासून लग्नापर्यंत कुठल्याही कार्यात कोणीतरी ते हळूच काढायचंच. मी तिसरीवर टिचकी मारली. आईला तसं सांगितलं, तिने ते मावशीला सांगितलं.

तिसऱ्या लेव्हलच्या पहिल्या तासाला स्विंग आउट शिकवलाच नाही. तो तुम्हाला येतो हे गृहीतच होतं. त्याच्या पोटात काय काय बदल करता येतात, तिथपासून गाडी सुरू. गाणंही वेगळं, मिनिटाला पावणेदोनशे ठोक्यांच्या आसपासचं. पहिला जोडीदार समोर आला, हात धरला, आणि मी निघाले. त्याने अजून काहीच केलं नव्हतं. ताण तयार व्हायच्या आत, एकचा ठोका वाजला म्हणून, माझा पाय पुढे पडला. तो बिचारा 'सॉरी' म्हणाला. दुसराही सॉरी म्हणाला. तिसऱ्याला मी सॉरी म्हटलं. नवीन बदल करायचा होता चारवर, आणि मी तिथे तीनलाच पोचून दारात उभी. दादरला फास्ट लोकल थांबायच्या आत उतरणारी माणसं असतात ना, तशी.

एक साठीचे गृहस्थ होते, फार मऊ बोलणारे. ते म्हणाले, "तू सुंदर नाचतेस. मी पण यात कुठेतरी असतो तर मजा आली असती." इतक्या गोड शब्दांत मला आजवर कोणी रागावलेलं नाही.

शाळेत कच्चा मुलगा मागच्या बाकावर बसला तर नुकसान त्याचं एकट्याचं. इथे वर्तुळ फिरतं. माझ्यासमोर येणाऱ्या प्रत्येकाची दोन-तीन मिनिटं माझ्या वाट्याला येतात, आणि त्या मिनिटांत त्याला आजचा धडा करून बघायचा असतो. तो धडा माझ्यावर होतच नव्हता. तासाला चौदा जोड्या होत्या, म्हणजे तेरा-चौदा माणसांनी माझ्या त्या टिचकीची किंमत थोडी थोडी भरली. दुसऱ्या आठवड्यात मी ते चेहरे वाचायला लागले. मी एक जागा सरकले की पुढचा माणूस नकळत खांदे सैल करायचा, पडणाऱ्याला सावरायची तयारी करावी तसा. तिसऱ्या आठवड्यात तास संपल्यावर शिक्षिकांना गाठलं आणि विचारलं, "मी चुकीच्या वर्गात आहे का?"

त्यांनी हो-नाही केलं नाही. म्हणाल्या, एक गाणं लावते, माझ्याबरोबर नाच. दुसरं काही करायचं नाही, फक्त स्विंग आउट. गाणं मध्यम, दीडशे ठोक्यांचं. दीडशेच्या लयीत तीन मिनिटं म्हणजे साडेचारशे ठोके, म्हणजे छप्पन स्विंग आउट. (हा हिशोब मी घरी येऊन केला. तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नव्हती.) पहिले चार ठीक. मग त्यांनी एकदा मुद्दाम एकच्या ठोक्याला काहीच केलं नाही, नुसता हात धरून उभ्या राहिल्या. मी त्यांच्या अंगावर जाऊन आदळले. पुढे दर दोन-तीन फेऱ्यांनी त्या असं करायच्या आणि मी दर वेळी आदळायचे. विसाव्या फेरीपर्यंत पावलं जड झाली, गिरकीत तोल जायला लागला, तिसाव्याला ट्रिपल स्टेपचे दोनच पाय पडायला लागले. गाणं संपेपर्यंत त्या हसतच होत्या.

मग जे म्हणाल्या त्याचा मथितार्थ असा. तुला चाल येते. तू ऐकतेस ते गाणं, माझा हात ऐकत नाहीस. तुझ्या नाचात समेला तू एकटीने पोचायचं असतं, इथे आपण दोघींनी. आणि चाल येते की नाही हे तू आरशासमोर बघू नकोस. अनोळखी माणूस, न ऐकलेलं गाणं, शेवटचं कडवं, तेव्हा काय उरतं ते बघ. जे उरतं ती तुझी लेव्हल.

कथकमध्ये मी ताठ उभी असते, वजन स्वतःच्या अख्ख्या तळव्यांवर, घुंगरू जमिनीत ठोकलेले. इथे गुडघे सैल, वजन पुढे चवड्यांवर, आणि त्यातला थोडा भाग समोरच्याच्या हातात सोपवलेला. नऊ वर्षं ज्या शरीराला 'तोल कोणाला द्यायचा नाही' हे शिकवलं त्याला चार तासांत 'दे' म्हणून सांगत होते. माझी लय पक्की होती हे खरंच. तीच आडवी येत होती.

त्यांनी दोन सूचना केल्या: पुढचा महिना दुसरी लेव्हल पुन्हा, आणि जमलं तर पहिली लेव्हलही पुन्हा, पण या वेळी लीड म्हणून. मी मान डोलावली. खाली येऊन स्टेशनच्या पायऱ्यांवर पाच मिनिटं बसले. आईला काही सांगितलं नाही.

त्या शनिवारी, काहीशी चिडूनच, मी हार्लेमला गेले. ज्या नाचाने मला खाली बसवलं त्याचं घर तरी बघू म्हटलं. एकशे पस्तिसाव्या रस्त्याला उतरून लेनॉक्स अव्हेन्यूने पाच ब्लॉक वर चालत गेलं की एकशे चाळीस आणि एकशे एक्केचाळीसच्या मधे सॅव्हॉय बॉलरूम होता. होता. १९२६ साली उघडला, १९५८ साली बंद झाला, मग पाडला. आता तिथे उंच इमारतींची वसाहत आहे आणि २००२ साली बसवलेला एक फलक. माणसं पिशव्या घेऊन त्याच्यासमोरून जातात. एक ब्लॉकभर लांबीचा हॉल, बँडसाठी दोन मंच, एक थकला की दुसरा सुरू, म्हणजे संगीताला खंड नाही. काळे आणि गोरे एकाच जमिनीवर नाचू शकतील अशा जागा तेव्हाच्या अमेरिकेत विरळा होत्या, त्यातली ही एक. फलक वाचायला दीड मिनिट पुरतं. मी अर्धा तास थांबले, कारण मला फ्रँकी मॅनिंग आठवत होते.

फ्रँकी मॅनिंग यांचा जन्म १९१४ चा. लिंडी हॉपमध्ये जोडीदाराला हवेत उचलून फिरवायची पहिली चाल त्यांनी १९३५ मध्ये याच सॅव्हॉयमध्ये केली. पुढे स्विंगचा जमाना ओसरला तेव्हा हा माणूस टपाल खात्यात तीसेक वर्षं नोकरी करत राहिला. १९८६ च्या सुमारास तरुण नाचणाऱ्यांनी त्यांना शोधून काढलं आणि म्हातारपणी ते जगभर शिकवत फिरले. माझ्या कामाचा भाग त्यांच्या पोरवयातला आहे. ते पहिल्यांदा सॅव्हॉयला गेलेच नाहीत. आधी अल्हाम्ब्रा नावाच्या बॉलरूममध्ये जायचे, तिथे जमायला लागल्यावर रेनेसाँमध्ये, आणि मग धीर करून सॅव्हॉय. सॅव्हॉयमध्ये शिरल्यावरही एक कोपरा होता, कॅट्स कॉर्नर म्हणायचे त्याला. तिथे शॉर्टी स्नोडनसारखे पट्टीचे नाचणारे. त्या कोपऱ्यात कोणीही उठून जात नसे.

म्हणजे लेव्हल तेव्हाही होत्याच, फक्त त्यांना फॉर्म नव्हता. एका हॉलमधून दुसऱ्या हॉलमध्ये कधी जायचं हे तुमचे पाय आणि बघणाऱ्यांचे डोळे ठरवत. आम्हाला ड्रॉपडाउनमधून निवडायची मुभा आहे, आणि मी आगाऊपणाने थेट कोपऱ्यात जाऊन उभी राहिले होते.

पहिल्या लेव्हलला लीड म्हणून गेले तेव्हा पहिले दोन तास मला गाणं ऐकूच आलं नाही. एक चाल चालू असताना पुढची ठरवायची, समोरची भिंतीवर आपटणार नाही ना बघायचं, शिवाय पाय चालू ठेवायचे. पोळी तव्यावर, दूध गॅसवर आणि दारात कुरियरवाला, असा प्रकार. ज्या लीडच्या नावाने मी बोटं मोडली होती त्या सगळ्यांची मनातल्या मनात माफी मागितली.

तिसऱ्या तासाला समोर एक फॉलो आली, नऊ-दहा महिने शिकत असलेली, गंमत म्हणून बसलेली. तिच्याबरोबर माझं सगळं जमलं. मी हवेत. पुढची मुलगी अगदी कोरी, पहिलाच महिना, टक टर्न नावाची गिरकी म्हणजे काय हेही माहीत नसलेली. तिच्याबरोबर काहीच होईना. मी हात वर करायचे, ती हसून माझ्या हाताकडे बघत उभी राहायची. तेव्हा उलगडा झाला की आधीची बाई माझ्या चुका स्वतःच्या पायांनी भरून काढत होती. चाल कुठली येणार हे तिला ठाऊक होतं, ती एकटीच करून टाकत होती. म्हणजे जे मी तिसऱ्या लेव्हलमध्ये करत होते तेच, फक्त तिला ते निभावून नेता येत होतं. कोऱ्या मुलीला काहीच ठाऊक नाही, त्यामुळे ती फक्त मी जे खरोखर सांगितलं तेवढंच करते. पहिल्या लेव्हलसारखी कडक परीक्षक मी मध्यमेलाही पाहिली नाही.

माझ्यासारखं 'ओळखून' धावत सुटणारी एक फॉलोही भेटली. हातात वजनच लागेना. रिकामी बादली भरलेली समजून उचलावी आणि हात फाडकन वर जावा, तसं. आपण निघायच्या आत समोरचं माणूस निघून गेलं की कसं वाटतं ते मला तेव्हा, त्या जागी उभं राहून समजलं.

दुसरी लेव्हल पुन्हा केली. तीत नवीन काही शिकले नाही आणि तोच तास सगळ्यात कष्टाचा होता. शिक्षिकांनी मला एकच काम दिलं: एकच्या ठोक्याला काही करायचं नाही. हात ओढ घेईल तेव्हा निघायचं, नाही घेतली तर उभं राहायचं. उभं राहणं भयंकर अवघड जातं. सम येते आणि तुम्ही नुसत्याच! पाचव्या-सहाव्या आठवड्यात (हो, ती लेव्हल मी लगोलग दोनदा केली) एका सोशलच्या, म्हणजे धड्याशिवाय नुसतं नाचायच्या, रात्री तेच साठीचे गृहस्थ समोर आले. गाणं सुरू झालं, एक वाजला, त्यांनी मुद्दाम अर्धा ठोका उशीर केला आणि मी थांबले. त्यांनी भुवया उंचावल्या. मग ओढलं, मी गेले, गिरकीत पहिल्यांदा कळलं की वेग माझाही नव्हता आणि त्यांचाही नव्हता, मधल्या ताणाचा होता. पुढच्या फेरीला मी परत धावत सुटले, ते वेगळं.

मधे एका वीकेंडच्या शिबिराला दुसऱ्या गावी गेलो होतो. तिथे लेव्हल तुम्ही निवडत नाही. पाठीवर सेफ्टी पिनांनी नंबर लावतात, पोरांच्या क्रीडास्पर्धेला लावतात तसा, आणि सगळ्यांना एकत्र नाचायला लावतात. एक मध्यम गाणं, एक दोनशेच्या पुढचं, दर मिनिटाला जोडीदार बदल. शिक्षक वह्या घेऊन मधून फिरतात. आमच्यातला एक पोरगा दिसेल त्या मुलीला उलटसुलट फिरवत होता, त्याच्या भात्यात चाली खूप. शिक्षक त्याच्याकडे बघतच नव्हते, त्याच्या समोरच्या मुलीच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्याला खालच्या गटात टाकलं. तो जेवायला आला नाही. मी मधल्या गटात गेले. यादी लागली तेव्हा माझा नंबर शोधताना पोटात तोच गोळा आला, दहावीच्या निकालाचा. छत्तीसाव्या वर्षी!

गेल्या महिन्यात पुन्हा फॉर्म आला. शिक्षिका म्हणाल्या होत्या, फॉलो म्हणून आता तिसरी घे, लीड म्हणून दुसरी. मी दोन्ही खुणा केल्या, आणि रविवारी आई विचारायच्या आत सगळं सांगून टाकलं. पहिली पुन्हा केली, दुसरी तीनदा केली, तिसरी अर्धवट सोडून परत घेतेय, आणि दुसऱ्या बाजूने अजून दुसरीतच आहे.

आईने चष्मा काढला, पदराने पुसला. ती असं हिशोबाच्या वेळी करते.

"म्हणजे एका विषयात तिसरी आणि एका विषयात दुसरी?"

"हो."

"आणि पहिली दोनदा."

"हो गं."

"बरं," ती म्हणाली. "फी एकदाच घेतात ना?"